वर जाता येत नाही

पाणी दारापुढच्या दुसऱ्या पायरीला लागलं, तेव्हा न्यानने माळ्याच्या चौकोनी झडपेतून दोर खाली सोडला. नदीकाठच्या हॉय आन गावातल्या या जुन्या गल्लीत पूर आला की घरातलं सगळं सामान असंच वर चढतं. धूपदान वर गेलं, तांदळाचा डबा गेला, पेजेचं भांडं गेलं. पितरांच्या चौरंगावर आता एकच फोटो उरला होता.

तेवढ्यात दाराशी होडी लागली. होडीवाली होडीतल्या माणसाला चिडवत होती, "घरं बघायला हाच मुहूर्त मिळाला का तुम्हाला? कोरडे दिवस काय विकून टाकलेत?"

साठी ओलांडलेला माणूस पाण्यात उतरला. अंगात परदेशी रेनकोट, डाव्या भुवईत जुनी खोक. उद्या विमान आहे, तेवढं घर बघू द्या, म्हणाला. बोली इथलीच होती, पण गंजलेली.

हा नुसतं घर बघायला आलेला नाही, हे न्यानने पाहताक्षणी ओळखलं. मागच्या वादळात शेजाऱ्यांची पणजोबांच्या वेळची फुलदाणी असाच एक पाहुणा घेऊन गेला होता. तिने पटकन फोटो जाकिटात गुंडाळला, टोपलीत ठेवला, जिन्याने वर जाऊन टोपली ओढून घेतली, झडप लावली आणि खाली आली. मगच त्याला आत या म्हणाली.

मधल्या तुळईखाली तो वर न बघताच वाकला. खांबावर दरवर्षीच्या पुराच्या रेघा होत्या. न्यानने त्यांची माहिती घर बघायला येणाऱ्या सगळ्यांना सांगते तशी सांगितली. त्याचं लक्ष रिकाम्या चौरंगाकडे होतं.

"फोटो कुठे गेले?"

"वर नेले. पाणी चढतंय."

"वर जाऊन बघू का?"

"वर जाता येत नाही. जिना कुजलाय."

माळ्यावर फळी करकरली. न्यानने रेडिओ मोठा केला. किनाऱ्यावरचे लोक शाळेत हलवल्याची बातमी चालू होती.

या घरासाठी तिने चाळीस वर्षं घातली होती. दर पुरानंतर गुडघाभर चिखल उपसायचा, वाळवी मारायची, कौलं शाकारायची. दोन चांगली स्थळं तिने याच घरापायी परत पाठवली होती. आता कुणी यावं आणि हे हातातून काढून न्यावं, हे तिला सहन होणार नव्हतं.

पाऊस वाढला. होडीवालीने थोडं थांबायला सांगितलं. चुलीवरच्या पातेल्याचा वास आला तसं पाहुण्याने विचारलं, आज घरात काही आहे का.

"थोरल्या भावाचं श्राद्ध आहे."

अशा दिवशी दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. न्यानने तांदळाच्या शेवया वाडग्यात घेतल्या, वर हळदीचा रस्सा ओतला, पाला पेरला. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वाटीवर झाकण टाकलं आणि वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्याने जेवणाच्या काड्यांनी शेवया एकदा चाळून पाहिल्या. मग खाऊ लागला.

"कसा गेला?"

"देश सोडून होडीतून निघाला होता. होडी बुडाली."

"कुणी पाहिलं?"

"चाळीस वर्षांत एक ओळ आली नाही. मग माणसानं काय समजायचं?"

"लिहायला धीर झाला नसेल."

"मेलेल्याला कसला धीर?"

त्याने काड्या खाली ठेवल्या. "आणि आई?"

"सात वर्षं झाली तिला जाऊन. शेवटपर्यंत एकच घोकत होती, माझा तुओंग आला की घर त्याच्या हातात द्यायचं."

"आता कुणाचं आहे?"

"माझं."

त्याने काड्या उचलून वाडगा संपवला, रस्साही पिऊन टाकला. डोळे पुसले. निघताना तुळईखाली पुन्हा वाकला आणि म्हणाला, "घर छान सांभाळलंत."

होडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत न्यान दारात उभी राहिली. मग रिकामा वाडगा घेऊन ती भराभर जिना चढली. जिना जराही हलला नाही. जाकिटातून फोटो काढून तिने बाहीने पुसला. बावीस वर्षांचा पोरगा, डाव्या भुवईत खोक.

मच्छरदाणीत हालचाल झाली. "खाली कोण बोलत होतं गं?"

"रेडिओ, आई."

"तुओंगचं पान वाढलंस ना? शेंगदाणे नाही ना घातलेस? घसा सुजतो त्याचा."

"माहीत आहे, आई. नाही घातले." न्यानने वाडगा फोटोसमोर ठेवला. "सगळं संपवलं त्यानं."