देवाच्या दिवसाचा खाडा

"कडेगावचं झालं ना? मग बास," उदयसिंह म्हणाले आणि चहाचा कप घेऊन उठलेसुद्धा.

मलकापुरातल्या त्यांच्या छोट्या कंपनीत दूध डेअऱ्यांचा प्रोग्रॅम तयार व्हायचा. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, कुणाचा खाडा पडला, सगळं त्यात. मूळ प्रोग्रॅम एकच, उदयसिंहांनी स्वतः लिहिलेला, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पण दर डेअरीच्या तऱ्हा निराळ्या, म्हणून प्रत्येकीची वेगळी ब्रँच, म्हणजे प्रोग्रॅमची वेगळी प्रत, काढलेली. एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप जात नाही. तेवढाच उचलून दरेक ब्रँचवर वेगळा लावावा लागतो.

बदल तसा चिमूटभर होता. वर्षात एक जरी खाडा पडला, तरी त्या घराचा दिवाळीचा बोनस जायचा. कडेगावच्या डेअरीच्या चेअरमननी परवा टेबल ठोकून सांगितलं, जत्रेदिवशी आम्ही दूध विकत नाही, ते देवाचं. त्या दिवशीचा खाडा धरायचा नाही. कंपनीत प्रोग्रॅमचं काम बघणाऱ्या सृष्टीनं झटक्यात सोय करून दिली. डेअरीनं आपला देवाचा दिवस भरायचा, प्रोग्रॅम त्या दिवशी खाडा मोजत नाही. आता तीच सोय तिला सगळ्या ब्रँचना लावायची होती, आणि तीही आजच.

उदयसिंहांना ते काही पटेना. न मागितलेलं काम अंगावर घ्यायचं, एखादी चालती ब्रँच बिघडली तर शिव्या आपण खायच्या, हा कुठला शहाणपणा? बाकी कुणाची तक्रार तरी आहे का?

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, सृष्टी."

सृष्टीचं डोकं सणकलं. सकाळीच तिच्या आईचा, बयाबाईचा, फोन आला होता. पूर्वेकडच्या माळावर त्यांची धनगरांची वस्ती, आणि उद्या तिथं बिरोबाचा दिवस. दावणीला दुभत्या म्हशी असताना गेल्या साली बयाबाईनं सगळं दूध डेअरीला घातलं होतं, आणि देवाला निवद दाखवला तो दुकानातल्या पिशवीच्या दुधाचा. साऱ्या वस्तीनं तसंच केलं. बोनसवर पाणी कोण सोडणार? पण तेव्हापासून बयाबाईला देवासमोर मान वर करून उभं राहवेना. सृष्टीला आज सकाळपर्यंत यातलं काही ठाऊकच नव्हतं. आई फोनवर रडली नव्हती. उद्या दुपारी येताना दुधाची पिशवी आणतीस का, एवढंच तिनं विचारलं होतं; बाकीचं सृष्टीनं खोदून खोदून काढलं.

सृष्टीनं हे सगळं उदयसिंहांना सांगून टाकलं.

"आमच्याकडची माणसं रडत नाहीत, सर," ती म्हणाली. "गप पिशवी फोडतात."

उदयसिंहांनी कप खाली ठेवला. जत्रेचं दूध देवाला, हा रिवाज त्यांच्याही घरात होताच. ते "लाव" एवढंच म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

सृष्टी पदर खोचल्यासारखी कामाला लागली. एकेक ब्रँच घ्यायची, बदल लावायचा, तपासायचा, डेअरीच्या सेक्रेटरीला फोन करून देवाचा दिवस भरून घ्यायचा. पलीकडचा माणूस आपल्या देवाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. बहुतेक ब्रँचवर बदल गुमान बसला. शेवटी राहिली तिच्या वस्तीच्या डेअरीची. ती सगळ्यांत जुनी, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेली, आणि आतलं लिखाणच निराळं. बदल लावला की प्रोग्रॅम बंद पडे, पुन्हा लावला की पुन्हा बंद. दिवस कलला, तरी ती लावतच होती.

मागनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सरक. ही माझ्या हातची आहे," उदयसिंह बाह्या सारत म्हणाले. "माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा घेतला तो तुमच्या वस्तीनं. दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं."

खाडा कुठं मोजलाय ती जागा त्यांनी दाखवली. तिथं सृष्टीनं तो बदल नव्यानं, हातानं लिहिला. या वेळी प्रोग्रॅम चालला. वस्तीच्या सेक्रेटरीनं दिवस भरला, आणि तिनं घरी फोन लावला.

"आये, मी पिशवी आणणार न्हाई. सकाळचं दूध घरातच ठेव. खाडा पडत न्हाई आता."

 पलीकडून बयाबाईनं शेजारणीला मारलेली हाक ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्क्रीनसमोर बसले होते. बयाबाईच्या नावापुढं दूध शून्य, खाडा शून्य. खाली वस्तीतल्या सगळ्यांचं तेच.  आपलं माणूस आज ताठ मानेनं देवळात गेलं असणार.

तेवढ्यात वस्तीचं दूध जिथं जमा होतं, त्या केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला. तो वैतागला होता. गाडी वस्तीवरनं रिकामी परत आलीय, आकडा शून्य दाखवतोय, तुमचा प्रोग्रॅम गंडला काय?

उदयसिंह खुर्चीत सरळ होऊन बसले.

"प्रोग्रॅम एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. "आज दूध देवाला गेलंय. गाडी उद्या पाठवा."