शिस्तीचा सत्कार

एसटीत कंट्रोलर म्हणून उभा जन्म काढलेल्या मयेकरांना शिस्तीवर बोलायला माइक मिळाला, मग काय विचारता. चौदा वर्षांत इन्सुलिनचा एकही डोस चुकवला नाही म्हणून मांडवीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांचा सत्कार ठेवला होता. "एक वेळ गाडी लेट होईल, मयेकरांचा डोस नाही," असं म्हणत त्यांनी पिशवीतून नोंदवही काढून सभेला दाखवली. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "काका, सकाळी किती युनिट घेता?"

मयेकरांनी वही उघडली, चौदा वर्षांत पहिल्यांदाच. प्रत्येक तारखेपुढे बायकोच्या अक्षरात दोन आकडे होते. "सकाळी अठरा," त्यांनी ठणकावून वाचलं, "आणि लगेच बारा." अध्यक्षस्थानी बसलेले डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"तुमचे अठराच," पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी शालनकाकू शांतपणे म्हणाल्या. "बाराचा रकाना माझा."

मयेकर पानं उलटत आजच्या तारखेवर आले. चष्मा सावरून त्यांनी ती ओळ दोनदा पाहिली. माइक चालूच होता.

"मग आज तुझा रकाना रिकामा कसा गो? असली बेशिस्त बरी नाही."

"तुम्हाला टोचून झालं," शालनकाकू म्हणाल्या, "नि तुमच्या सदऱ्याला इस्त्री करेपर्यंत रिक्षा दारात आली."