बिनडागी चेहरा

"चेहरा जुळत नाही," प्रसूतिगृहाच्या गेटवरचा कॅमेरा पुन्हा म्हणाला. आत लेक कळा सोसत होती आणि बाहेर वेणूबाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांच्या गालांवर कोडाचे पांढरे डाग होते. ओळखपत्रावरच्या फोटोत मात्र एकही नव्हता.

"मावशी, फोटो स्वस्तातल्या कॅमेऱ्याने काढलाय ना?" रखवालदार मुरलीधर म्हणाला. "त्यातला सेन्सर माझ्या लहानपणी होता तोच आहे अजून. कंपन्या सुधारणा करतात त्या सगळ्या महागड्या कॅमेऱ्यांत. स्वस्तातल्याला जे नीट दिसत नाही, ते तो आपल्या अंदाजाने रंगवतो. हा गेटवरचा भारी आहे, त्याला खरं तेच दिसतं."

"म्हणजे मी खरी, म्हणून बाहेर?"

मुरलीधरने खिशातला आपला साधा मोबाइल काढून वेणूबाईंचा फोटो घेतला. पडद्यावर तसाच गुळगुळीत, बिनडागी चेहरा उमटला. तो त्याने गेटच्या कॅमेऱ्यापुढे धरला, आणि गेट उघडलं.

वेणूबाई धावतच आत गेल्या. लेकीने कळांतूनही हात लांबवून त्यांच्या गालावर ठेवला.

"आलीस गं आई!" ती म्हणाली.