गोठ्याखालचा ओढा

तपासणी कशाला म्हणतात, हे सुभेदार जोतीराम यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. प्रदूषण मंडळाच्या मॅडम गुरुवारी अकराला गोठा बघायला येणार असं पत्र आलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात कुणाला दम घेऊ दिला नव्हता. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाटेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा, बेचाळीस म्हशी धुऊन पुसून एका ओळीत. गोठा तर पहाटेपासून पाइप लावून असा धुतला होता, की फरशीवर भात वाढून जेवावं.

राजनंदिनी मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा सुभेदार इस्त्रीच्या पँटीत ताठ उभे होते.

"बघा मॅडम. शेणाचा एक ठिपका दावा, मिशी उतरवतो."

मॅडमना हसू आलं. गोठा खरंच देखणा होता. आख्ख्या कोरेगाव तालुक्यात असा दुसरा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांची सही झाली की सुभेदारांना संमतीपत्र मिळणार होतं, आणि ते नसेल तर पहिल्या तारखेपासून दूध घेणार नाही, असं डेअरीने लेखी कळवलं होतं. बेचाळीस म्हशींचं दूध घरात ठेवून माणसाने करायचं काय?

"चला, सरबत घ्या," सुभेदार म्हणाले. "आजवर आलेल्या एका साहेबानं नाव ठिवलं न्हाई."

"घेऊ की. आधी सांगा, हे गोठा धुतल्याचं पाणी जातं कुठं?"

"खाली वढ्याला. एक थेंब आवारात ठरू दिला न्हाई." हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"मग ओढा बघू."

सुभेदार जरा गोंधळले. फौजेत कर्नलसाहेब बराकी बघायचे, बूट बघायचे. गटाराच्या टोकापर्यंत कोण जायचं? पण हुकूम तो हुकूम. ते पुढे झाले आणि बांधावरून मॅडमना खाली घेऊन गेले.

ओढ्याचं पाणी हिरवट काळं झालं होतं, वर शेणाचा फेस तरंगत होता. मॅडमनी ओढणी नाकाला लावली. काठच्या वाळूत पिण्याच्या पाण्यासाठी झिरा खणलेला होता आणि त्याच्यापाशी एक बाई रिकामी कळशी घेऊन उभी होती. झिऱ्यातही तेच पाणी उतरलं होतं. सुभेदार दिसताच तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवली. ही सुलाबाई, सुभेदारांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ चार वर्षांमागे गेला, ती खालच्या मळ्यात एकटी राहायची. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. तिच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तीस वर्षांत ती सुभेदारांशी एक शब्द बोलली नव्हती.

"मावशी, हे पाणी रोजच असं असतं का?" मॅडमनी विचारलं.

"रोज थोडंफार. पर वर कोण साहेब येणार असला की लय." सुलाबाईच्या आवाजात राग नव्हता, ती आपली हवापाणी सांगावं तसं सांगत होती. "डेअरीचा आला तवा दोन दिवस प्यायला पाणी न्हवतं. बँकेचा आला तवा तीन. आज तुमी आलाय."

मॅडमना स्वतःचीच लाज वाटली. तारीख आणि वेळ कळवून त्याच आल्या होत्या.

सुभेदार दहा पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, त्यास्नी इचारा," ते म्हणाले, "मला सांगितलं का न्हाई?"

सुलाबाई ओढ्याकडे तोंड करूनच बोलली. "मॅडम, त्यास्नी सांगा, मालक हुते तवर त्यांच्या तोंडनं बोलत हुते. आता कुणाच्या तोंडनं बोलू? जाऊबाईला सांगितलं, तर ती म्हनली, साहेब जाऊ दे, मग बघू. आन साहेब तर वरच्यावर सरबत पिऊन जात्यात. खाली तुमीच पयल्या उतरला."

सुभेदारांनी सीमेवर कधी मान खाली घातली नव्हती, ती आज घरच्या ओढ्यावर घालावी लागली, आणि ते त्यांना फार लागलं.

मॅडमनी तपासणीसाठी ओढ्याचं पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं, बुचांना सील लावलं.

"सुभेदार, आज संमतीपत्र देता येणार नाही. आधी टाकी बांधून हे पाणी अडवा. मग मी परत येईन, आणि येणार हे कळवणार नाही."

"नगाच कळवू. फौजेत पूल बांधल्यात मी, टाकीचं काय घिऊन बसलाय. पयल्या तारखेच्या आत बांधतो."

"बरं, पाण्याचा नमुना घेतल्याची इथं सही करा."

"सही कुठं पळून जाती? आधी पाणी."

ते झिऱ्यापाशी गेले. सुलाबाईने कळशी वाळूवर ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरली. सुभेदारांनी कळशी उचलून खांद्यावर घेतली आणि घरच्या बोअरचं पाणी आणायला ते बांध चढू लागले.

अर्ध्यावर पोचले असतील नसतील, तोच मागून खणखणीत आवाज आला.

"भावजी, कळशीनं न्हाई भागायचं. मोठी घागर बी भरून आणा."