पुढच्या डाव्या चाकातला आवाज

गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या चाकातून खडखड ऐकू यायची. उंद्रीच्या मिस्त्रीनं बुश बदलले, शॉकअप बदलले, चाक हलवून पाहिलं. "काहीच ढिल्लं नाही. बिनधास्त चालव," म्हणाला. पहिल्याच खड्ड्यात आवाज पुन्हा तसाच.

गजेंद्रच्या बायकोचे, अपेक्षाचे दिवस भरत आलेले. तिला कधीही चिखलीच्या दवाखान्यात न्यावं लागणार. वाटेत चाकच निखळलं तर? गजेंद्र आता गाडी बैलगाडीसारखी चालवायचा. समोरून ट्रक दिसला की कडेला थांबायचा.

शेवटी आज तो स्वतःच अंगणात गाडीखाली शिरला. चाकाजवळ, बंपरच्या आतल्या अंगाला घोड्याची नाल टांगलेली होती. नजर लागू नये म्हणून सगळेच बांधतात, पण समोर, दिसेल अशी आणि घट्ट. ही तारेच्या एका वेढ्यावर लोंबत होती. बोट लावलं तरी पत्र्यावर आपटत होती.

नाल घेऊन तो बाहेर आला. माय दारातच उभी होती.

"हे तू बांधली काय वं?"

"हाव."

"अवं, मंग घट्ट तरी बांधायची! भेवानं मले झोप नाही राह्यली."

मायनं त्याच्या हातातून नाल घेतली, पदरानं पुसली.

"आवाज सुरू झाला तवापासून तू गाडी हळू चालवून राह्यला," ती म्हणाली. "तुहे बाबा गेले, त्या दिवशी त्यायच्या गाडीत कायचाच आवाज नव्हता."