नळीचं दुसरं टोक

लातूरच्या घरात तनुजाच्या वडिलांनी, अण्णांनी, हौसेनं समुद्र मांडला होता. काचेची टाकी, मिठाचं पाणी, प्रवाळाचे खडक आणि खाली पाणी फिरवणारा पंप. मासे आणायच्या आधीच अण्णा गेले.

"रिकामी कर गं बाई. त्या पाण्याचा आवाज ऐकवत न्हाई मला," आई म्हणाली.

तनुजानं पंप बंद केला. नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं. पाणी निम्म्यावर चढलं आणि ती ओढत असतानाच मागं फिरलं.

टाकीतलं टोक समोर दिसत होतं. त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"आलं का पाणी?" आईनं विचारलं.

तनुजानं पुन्हा ओढलं. या खेपेला पलीकडूनही ओढ लागली, अण्णांना दम लागायचा तशी, थांबत थांबत.

तिनं नळी तोंडातून काढली नाही.