लॅपटॉपमधला तानपुरा

“शलाका, आठ दिवस झाले, लॅपटॉपवरचा तानपुरा काही केल्या उघडत नाही. माझ्याच हातून बिघडलं असणार गं,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

स्क्रीनवर पाटी होती: ही फाइल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. पहाटेच्या रियाजाने झोपमोड होते म्हणून ती परवानगी शलाकानेच गुपचूप काढून घेतली होती.

मान वर न करता तिने ती परत दिली. लगेच षड्ज घुमला आणि सासूबाईंचे डोळे भरून आले.

गायला बसण्याआधी तानपुऱ्याला नमस्कार करायची त्यांची जुनी रीत. तो त्यांनी लॅपटॉपला केला, मग वाकून शलाकाच्या हाताला. “सरस्वती आहे गं या हातात!”

चटका बसावा तसा शलाकाने हात मागे ओढला. “नका ना, आई,” एवढंच ती म्हणाली.